दहापर्यंत थांबायचं

पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं, हे ठकूचं काम. ठकू हे बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. दवाखान्यात सगळे तिला मॅडम म्हणत आणि टरकून असत. पेशंट शब्दाला अडला आणि एखाद्या शिकाऊ पोरीने चटकन तो पुरवला, की मॅडम तिची अशी हजेरी घेत की त्या पोरीचीच वाचा बसावी. मनात दहापर्यंत मोजायचं आणि गप्प राहायचं, असा तिचा नियम होता. नातेवाइकांनाही ती बजावायची, की पहिले सहा महिने सोन्यासारखे आहेत, नंतर गाडं फारसं पुढे सरकत नाही.

मग बाबांनाच झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. आपल्या माणसाला आपण शिकवायचं नाही, हा दवाखान्याचा रिवाज. म्हणून तिने त्यांना धाकट्या सहकारिणीकडे सोपवलं आणि घरी रोज संध्याकाळी अर्धा तास मी घेईन, असं कबूल केलं. घरात बापलेक दोघंच. पण दिवसाला चौदा पेशंट आणि वर नव्या विभागाची जबाबदारी गळ्यात पडलेली. तो अर्धा तास रोज उद्यावर जायचा. घरी येईतो तिच्यातला धीर पार संपलेला असे. बाबा "मला..." म्हणून अडले, की ही भांडी विसळता विसळताच विचारी, चहा हवाय? पंखा लावू? चष्मा देऊ? बाबा कशाला तरी मान डोलवत आणि काम उरकत असे. पुढे पुढे ते "मला"सुद्धा म्हणेनासे झाले. ठकूला वाटलं, चला, घडी बसली. एवढी जाणती बाई, पण स्वतःच्या घरात तिला एवढंही कळू नये!

सहा महिन्यांच्या तपासणीचा कागद सहकारिणीने तिच्यापुढे ठेवला. बाबा होते त्याच्याही मागे गेले होते.

"मॅडम, ते प्रयत्नच करत नाहीत," ती चाचरत म्हणाली. "घरी त्यांच्या वतीने कोण बोलतं?"

"मीच," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने रजा टाकली. सकाळी खुर्ची ओढून ती बाबांसमोर बसली. म्हणाली, आज मी कुठेही जात नाही, तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा, मी थांबते. दहा झाले. वीस झाले. शंभराच्या पुढे तिने मोजणंच सोडलं. मग बाबांचे ओठ हलले, आणि तिचा जीव नुसता कानात गोळा झाला.

"आत्ता नको हं बाबा, उशीर होतोय," बाबा म्हणाले.

कुठेही न अडखळता, तिच्याच घाईच्या सुरात. रोज कानावर पडतं तेच आधी जिभेवर येतं, हे तिने शेकडो लोकांना समजावलं होतं. बाबा मात्र खुशीत तिच्याकडे बघत होते.

पेशंटचं पहिलं वाक्य पुरं झालं की ठकू टाळी वाजवायची. तिने टाळी वाजवली, आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बाबा गांगरले. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि, आपलं काही चुकलं की काय म्हणून, तेच वाक्य पुन्हा एकदा नीट म्हणून दाखवलं.