फोटोतली लाभार्थी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आमच्या भाजी केंद्रातल्या थंड खोलीच्या दारात उभी राहते आणि दादा माझा फोटो काढतो. मागे यंत्राचा नंबर दिसला पाहिजे, शेजारी भाजीचे क्रेट दिसले पाहिजेत आणि मधे लाभार्थी, म्हणजे मी. फोटोवर जागा आणि तारीख आपोआप उमटते, त्यामुळे बनवाबनवी चालत नाही. फोटो चुकला की अनुदान परत.

हे अनुदान आमच्या भागातली भाजी आमच्याच भागातल्या शाळांना आणि दवाखान्याला ताजी पोचावी म्हणून मिळालं. कल्पना चांगली आहे, उगाच नावं ठेवत नाही. पूर्वी आमचे टोमॅटो दूरच्या बाजारात जायचे आणि मऊ पडून आमच्याच दवाखान्यात परत यायचे. नुसता द्राविडी प्राणायाम. अर्ज भरताना दादाला कळलं की बाईचं नाव असेल तर जास्त गुण मिळतात. तो बाहेरूनच ओरडला, "तुझं नाव टाकतोय गं!" मी हातातली जुडी खाली न ठेवताच विचारलं, "कुठे सही करायची?" अट नंतर वाचली. लाभार्थीने सात वर्षं रोज स्वतः हजर राहून केंद्र चालवायचं.

दोन वर्षं अशी गेली आणि मैत्रिणीचा फोन आला. मोठ्या शहरातल्या एका वसतिगृहात कोठीघर सांभाळायला बाई हवी होती. पगार बरा, राहायला खोली, आणि खोलीची किल्ली माझ्याकडे. हसाल तुम्ही, पण त्या किल्लीनेच माझी झोप उडवली. आमच्या घरात माझ्या कपाटाच्या वरच्या दोन फळ्या पुतणीच्या आहेत आणि खालच्या फळीवर दादाची हत्यारं. महिनाअखेरपर्यंत थांबतो, असं वसतिगृहवाले म्हणाले.

मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना गाठलं. "नाव बदलता येतं, ताई," ते म्हणाले. "पण भाजी घालणाऱ्या सगळ्यांनी बैठकीत हो म्हटलं पाहिजे."

घरोघर फिरले. कोणी हो म्हणेना. कारण काय, तर माल मी निवडते. वर लाल आणि खाली हिरवे असा क्रेट माझ्यापुढून जात नाही, मग तो दादाच्या जिवलग मित्राचा का असेना. दादा पडला भिडस्त. चहा पाजला की त्याला सगळेच टोमॅटो लाल दिसतात.

"तू गेलीस की आठवड्यात दवाखाना माल बंद करील," तक्रारमामा म्हणाले. मामांना हे नाव सगळ्यांनी मिळून दिलंय. ऊन पडलं तरी त्यांची तक्रार, नाही पडलं तरी तक्रार.

मग मीही वाकड्यात शिरले. धडधाकट गाजरं परत पाठवली. काकडी जरा वाकडी दिसली की क्रेट बाहेर. म्हटलं, वैतागून स्वतःच हाकलतील. तर तक्रारमामा जन्मात पहिल्यांदा कौतुक करत सुटले. "अशी कडक बाई शोधून सापडायची नाही!" करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दिवशी क्रेट रचता रचता मी रडले. थंड खोलीत सगळ्यांचंच नाक गळतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

बैठक आमच्याच पुढच्या खोलीत झाली, साहेबांसमोर. मी सरळ उभी राहिले. "मला जायचंय," म्हटलं. "तुमचं कोणाचं काही चुकलं नाही. पण मला इथे कोंडल्यासारखं होतं. सोडा मला."

मग तक्रारमामांनी घसा खाकरला. "निवड हिच्या वहिनींनाही येते की. हिच्याच हाताखाली शिकल्यात." एकेक मान हलायला लागली. मला रडूच यायचं बाकी होतं. साहेबांनी कोरा अर्ज काढला.

"हो हो, तिचंच टाका," दादा म्हणाला. वहिनीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो खाली ठेवला, ओले हात पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, "कुठे सही करायची?"

वहिनीची आई अंथरुणाला खिळलेली आहे. दर महिन्याला चार दिवस ती आईकडे जाते आणि उरलेला महिना त्या चार दिवसांवर काढते. मी गप्प बसले असते तर सुटले असते. गप्प बसायचंच होतं मला, खोटं कशाला बोलू?

"थांब वहिनी," मी म्हटलं. "गुण तर केव्हाच मिळाले. आता बाईचंच नाव कशाला हवं? दादाचं टाका."

"चालेल की," साहेब म्हणाले.

दादा खुर्चीतून अर्धा उठला. "मी? आणखी पाच वर्षं मी एका जागी कसा अडकून पडू? मला काही आयुष्य आहे की नाही?"

कोणी हसलं नाही. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पण शब्द काही त्याने मागे घेतला नाही.

वहिनीने पेनाला टोपण लावलं. "माझंही नको," ती म्हणाली. त्या घरात तिच्या तोंडून 'नको' मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. दादाचा आला, तो अजून आहे.

नाव माझंच राहिलं. महिना संपला आणि ती किल्ली दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

पुढच्या सोमवारी मी दारात उभी राहिले. दादाने फोन वर धरला. तेवढ्यात वहिनी आतून आली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दादाने तसाच फोटो काढला. इतक्या महिन्यांच्या फोटोंत त्या एकाच फोटोत मी हसले आहे.

संध्याकाळी कार्यालयाने तो परत पाठवला. खाली शेरा होता, 'फोटोत लाभार्थी एकटीच असावी.'