नऊ वाजता का नाही

पुस्तकावरचं मत कागदावर लिहावं, एवढी साधी गोष्ट त्या कारखान्यातल्या लोकांना कधी सुचली नाही. ते पायांवर लिहीत.

पाय खरे नव्हेत, प्लास्टरचे. लढाईत पाय गमावलेला माणूस आला की ताई त्याच्या उरलेल्या खुंटावर ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायची, साच्यात प्लास्टर ओतायची आणि त्या पांढऱ्या नमुन्याच्या मापाने नवा पाय बनवायची. काम झालं तरी नमुने टाकून देत नसत, कारण पुढच्या खेपेला माप बघावं लागतं. असे साठ-सत्तर पांढरे खुंट भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने उभे होते, मधूनच एखादा हातही. शेजारी दोरीला जांभळी पेन्सिल टांगलेली होती. जरा ओल लागली की तिची अक्षरं प्लास्टरमध्ये मुरतात, मग खरवडली तरी जात नाहीत. कोणीतरी थट्टेत आपल्या नमुन्यावर 'पुस्तक वाचलं, मान आखडली' असं लिहिलं आणि पायंडा पडला.

पुस्तक म्हणजे त्यांच्याच पलटणीच्या कॅप्टनसाहेबांची कादंबरी. त्यात पुढच्या शतकातलं सैन्य होतं, माणसाला मागच्या काळात नेणारं यंत्र होतं आणि एक पूल होता. पुलावर अडकलेल्या आपल्या हवालदाराला वाचवायला नायक बारा वेळा त्याच सकाळी परत जातो आणि बाराही वेळा हवालदार कपाळात एक गोळी लागून मरतो. बाकीच्यांचं मरण मात्र लेखकाने हात राखून लिहिलेलं नव्हतं. किरणांनी माणसं उभी चिरली जात होती, कठड्यावर आतडी लोंबत होती, एक ड्रायव्हर स्वतःचा जबडा हातात धरून तीन पानं चालत होता. वाचक एकंदरीत खूश होते.

खूश म्हणजे आपापल्या परीने. 'आतडी इतकी लांब नसतात,' असं एकाने लिहिलं होतं, आणि शेजारच्या खुंटावर दुसऱ्याने, 'असतात. मी आत भरली आहेत.' पलटणीचा आचारी गुडघ्याखाली डावा पाय गमावून बसलेला. त्याने आपला अख्खा नमुना भरून टाकला होता: 'मारामारी झकास. पण हे शिपाई म्हणे जेवणाऐवजी औषधाच्या गोळ्या खातात. गरम जेवल्याशिवाय कोणी कोणाला मारत नसतो. शंभर माणसं मी जेवू घालत होतो, मला विचारा.'

ताईने मात्र काही लिहिलं नव्हतं. तो हवालदार तिचा दादा होता.

म्हणजे कादंबरीतला नव्हे, खरा. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका पुलावर तो गेला, तेव्हा दवाखान्याच्या खाटेवरून साहेबांनी आईला पत्र धाडलं होतं. 'एकच गोळी, कपाळात. त्याला कळलंसुद्धा नाही.' त्या एका ओळीवर आईने चौदा वर्षं काढली. कादंबरीची प्रतही साहेबांनी सही करून आईलाच पाठवली आणि आईचे डोळे अधू म्हणून ताईला ती मोठ्याने वाचावी लागली. बारा वेळा दादा मेला. बाराही वेळा आई मान हलवून म्हणाली, "बघ, कळलंसुद्धा नाही त्याला." तेराव्या वेळी वाचायची वेळ आली असती तर ताईने पुस्तक चुलीत घातलं असतं. दादा गेला कसा, हे तिला हवं होतं, आणि दादाच्या पलटणीतला जो तो तिच्यासमोर आला की नजर चुकवून पट्टे आवळायला लागायचा.

आणि त्या सकाळी साहेब स्वतः आले. त्यांचा जुना पाय घासत होता, नवा हवा होता. खुर्चीत बसले, विजार वर करून जुना पाय उतरवला आणि फळ्यांकडे बघून हसले.

"एवढे समीक्षक! आणि सगळे पांढरेफटक."

बाकावर आचारी होता, त्याचा पाय दुरुस्तीला काढलेला. शेजारी तारवाला. तो पलटणीचा वायरलेस सांभाळायचा. उजवा हात खांद्यापासून गेलेला, बोलणं मुळातच कमी. आचाऱ्याने औषधाच्या गोळ्यांची तक्रार तोंडीही मांडली. साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत भात घालतो.

ताईने साहेबांच्या खुंटावर पातळ मोजा चढवला, जांभळ्या पेन्सिलीने गुडघ्याच्या वाटीची कड आणि नडगीचं हाड आखलं. खुंट खाली फुगलेला होता. साचा सरळ उतरला नसता, कापावा लागला असता, म्हणून तिने नडगीवरून रबराची पट्टी लांब सोडली. पातं त्या पट्टीवरून जातं आणि कातडीला लागत नाही. मग ओल्या पट्ट्या फिरवल्या, दोन्ही अंगठे वाटीखाली रोवले आणि दाबून धरले.

"दहा मिनिटं हलायचं नाही, साहेब."

"नाही हलत. वाचतो." साहेब मान वळवून फळीवरची मतं वाचत राहिले. कोपऱ्यात तारवाल्याच्या खांद्याचा नमुना होता, त्यावर डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं. साहेबांनी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबायची सोय राहिली नाही.

"'यंत्र हव्या त्या वेळी नेतं. मग नायक दर वेळी दहा वाजून दहालाच का उतरतो? नऊ वाजता का नाही?'"

ताईच्या अंगठ्यांखाली स्नायू टणकन उडाला.

माणूस तोंडाने काहीही सांगतो. बावीस वर्षं खुंट हातात धरणाऱ्या बाईला अंगठ्यांखालचं कळतं. तिने मान वर केली. साहेबांचा चेहरा हसराच होता.

"कथानकाची गरज असते," ते म्हणाले.

"मलाही तेच पडलंय, साहेब," ताई म्हणाली. तोवर ती खरोखरच वाचक म्हणून विचारत होती. "दहा वाजून दहाला पूल उडायलाच आलेला असतो. तेव्हा जाऊन काय उपयोग? नऊला काय होतं?"

स्नायू पुन्हा उडाला. आता थांबेचना.

तारवाला बाकावरून उठला. "सांगा, साहेब. नाहीतर मी सांगतो."

"बस खाली."

"चौदा वर्षं बसलोच होतो." तो ताईकडे वळला. "नऊ वाजता संदेश आला. पलीकडच्या काठावरची माणसं ताबडतोब मागे घ्या. हवालदार आणि दोन पोरं होती तिकडे. मी चिठ्ठी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी वाचली आणि खिशात घातली."

ताईने अंगठे काढले नाहीत. "का?"

प्लास्टर गरम होऊ लागलं होतं.

"सकाळी सुरुंगाच्या तारा जोडताना माझे हात थरथरत होते," साहेब म्हणाले. आवाज लेखकाचा राहिला नव्हता. "तुझा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, सरका, मी जोडतो. माणसं हसली. मग चिठ्ठी आली, आणि मी म्हटलं, बसू दे दहा मिनिटं तिकडंच. जिरू दे जरा. दहाच मिनिटं, ताई. पाचव्या मिनिटाला तोफा सुरू झाल्या. मग कोणी जाऊ शकेना, कोणी येऊ शकेना. दहा वाजून दहाला त्यांचे रणगाडे पुलाशी आले. ते तिघे धावत निघाले, अर्ध्यात होते. मी बटण दाबलं."

"म्हणजे गोळी..."

"गोळी नव्हती," आचारी म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. चिठ्ठीचं त्यालाही आजच कळत होतं. "तुला कधी सांगणार नव्हतो, ताई. दोन पोरांचं काही सापडलंच नाही. दादा खाली पाण्यात पडला. वरून पुलाची सळई आली, पोटातून आरपार, गाळात रुतली. गळ्यापर्यंत पाण्यात होता आणि पाणी मागत होता. तीन वाजेपर्यंत. मी काठावर झोपून ऐकत होतो. एकेकाला नावाने हाक मारायचा. माझ्या नावाने चार वेळा मारली. साहेब गेले त्याच्याकडे, पोहत, तेव्हा तोफेने त्यांचा पाय नेला. मी चौदा वर्षं या माणसाला देव मानलं! पाय गेला आमच्या हवालदारासाठी, म्हणून!"

आणि एका पायावर त्याने झेप घेतली.

खुर्ची मागे कोसळली. आचाऱ्याची बोटं साहेबांच्या गळ्यात रुतली, डोकं फरशीवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओला आवाज आला. "मस्ती जिरवतो? माझ्या हवालदाराची? तुझी जिरवतो, थांब!" फळी सुटली, पांढरे पाय धडाधड खाली येऊन फुटले. तारवाल्याने एका हाताने आचाऱ्याची कॉलर ओढली. आचाऱ्याचं कोपर त्याच्या नाकावर बसलं, रक्त हनुवटीवरून शर्टात उतरलं, पण त्याने कॉलर सोडली नाही. साहेब हात उचलत नव्हते. तोंड निळं पडलं तरी उचलत नव्हते. ताई बघत उभी होती, आणि खरं सांगायचं तर मरू दे म्हणूनच उभी होती. मग तिला आठवलं की हा मेला तर आई दुसऱ्या कोणाचं खरं मानणार नाही.

तिने पट्ट्या भिजवायची बादली आचाऱ्याच्या डोक्यावर उपडी केली. गार पाण्याने तो दचकला, पकड सुटली आणि तो फरशीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"आणि तुम्ही?" ताई तारवाल्यावर उलटली. "चौदा वर्षं?"

"लिहिलं ना," तो नाक दाबून म्हणाला. "तोंडातून निघत नव्हतं. हे पुस्तक आलं तेव्हा लिहिलं."

"तुमच्या लिहिण्याला आग लागो!"

साहेबांना तिने भिंतीला टेकवून बसवलं. साचा वाळला होता, पण वाकडा. आचाऱ्याचा गुडघा त्यावर पडून वाटीपाशी खळगा झाला होता. तिने वाकडं पातं घेतलं, वरच्या कडेत घातलं आणि खाली ओढायला लागली. रबराची पट्टी कुठवर आहे हे तिला डोळे मिटून माहीत होतं. ती पट्टीवरून उतरली. जाणूनबुजून उतरली. पातं मोज्यात गेलं, मोज्यातून कातडीत, आणि पांढऱ्या फटीतून लाल वर आलं. साहेबांनी दात आवळले. ती ओढत राहिली, एक बोट, दोन बोटं. दादा पाच तास हाका मारत होता. तिच्या हाताला आणखी पुढे जायचं होतं, हाडापर्यंत जायचं होतं.

"कर," साहेब म्हणाले.

त्या एका शब्दाने तिचा हात थांबला. परवानगी दिलेली शिक्षा तिला नको होती. याला ते फारच सोयीचं झालं असतं, बारा वेळा दादा मेल्याचं लिहून झालं, आता एकदा स्वतः रक्त सांडलं की हिशेब मिटला. तिने पातं बाजूला ठेवलं, साचा दोन्ही हातांनी फाकवून काढला आणि कोपऱ्यात भिरकावला. डोक्याला फडकं गुंडाळलं, पायाची जखम बांधली, घट्ट, जितकी बांधायला हवी तितकीच. मग बादलीत नवं पाणी भरलं.

"आता काय?" साहेबांचा आवाज घोगरा होता.

"आता दुसरा साचा. पहिला बिघडला." ती नवा मोजा चढवत होती. तिचे हात थरथरत होते आणि ते कोणी पाहिलं तरी तिला पर्वा नव्हती. "पाय मी करणार. चांगला करणार, घासणार नाही, मैलभर चालाल. आमचं घर मैलभरच आहे. त्या पायाने पहिल्यांदा तिथे यायचं आणि आईला सांगायचं. चिठ्ठी, दहा मिनिटं, सळई, हाका, सगळं. यंत्र नाही, किरण नाहीत, कपाळातली गोळी नाही. नऊ वाजता यायचं."

साहेबांनी फुटलेल्या पायांच्या ढिगाकडे पाहिलं. ढिगात तारवाल्याचा खांदा पडला होता, दोन तुकडे झालेला, पण अक्षरं धडधाकट होती.

"त्यांनी ऐकून मला हाकललं तर?"

"हाकलेलच."

"दारच उघडलं नाही तर?"

ताईने पट्टी पाण्यात बुडवली, पिळली आणि खुंटाभोवती पहिला वेढा घातला.

"तर बसायचं तिकडंच," ती म्हणाली, आणि अंगठे वाटीखाली दाबून धरले.