साडेएकसष्ट किलो

पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं. सुनेच्या मते तिचंही. म्हणून मी संस्थेच्या दवाखान्यात बिनपगारी काम धरलं. संस्था म्हणजे चाळीस खाटांचं एक रुग्णालय, वस्त्यांमधले पाच दवाखाने आणि ज्यांची घरी काळजी घेणारं कोणी नाही त्यांच्यासाठी ‘विसावा’ नावाचं एक घर. ती कोणाच्या मालकीची नाही, नफ्याची भानगड नाही. देणग्यांवर आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांवर तिचा गाडा चालतो.

माझं काम फोनचं. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं आणि धाप लागायच्या आधी ते वजनात दिसतं. म्हणून अशा प्रत्येकाच्या घरी संस्था एक वजनकाटा देते. सकाळी उठल्यावर काही खायच्या आधी वजन करायचं. नऊ ते अकरा मी सव्वीस जणांना फोन करते आणि आकडे वहीत लिहिते. तीन दिवसांत दोन किलो वाढले की त्याच दिवशी सिस्टरला त्या घरी पाठवायचं. सिस्टर एक आणि वस्त्या पाच. ज्यांचे आकडे वाईट, त्यांच्याकडे ती आधी धावते. ज्यांचे चांगले, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा, तेही जमलं तर.

एक साधा आकडा सांगताना माणसं जीव खातात. एक आजी रोज “कालच्याइतकंच” म्हणतात आणि काल किती होतं असं विचारलं की माझ्यावरच उखडतात. एक ड्रायव्हर वजन न करताच अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतो. त्याला मी सातवीतल्या मुलासारखा झापते. सवय जात नाही.

या सगळ्यांत मास्तर निराळे. मास्तर म्हणजे शिंपी, वय वर्षं चौऱ्याहत्तर. पहिल्याच फोनला म्हणाले, की बाई, तुम्हीही मास्तर आणि मीही मास्तर. तुम्ही मुलांना सरळ करायचात, मी कापडाला. फोन पहिल्या रिंगला उचलायचे. वजन, गोळ्या, पायांची सूज, सगळं विचारायच्या आधी सांगून मोकळे. वजन साडेएकसष्ट किलो. वहीतलं त्यांचं पान इतकं देखणं दिसायचं की मी ते डॉक्टरीणबाईंना कौतुकाने दाखवलं. ड्रायव्हरला तर उठता-बसता मास्तरांचं उदाहरण द्यायचे. दोन महिने सिस्टर त्यांच्याकडे फिरकली नाही. फिरकायचं कारणच नव्हतं.

घरात मास्तर आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नाही. चार वर्षांपासून वहिनींना विसर पडत चालला होता. गॅस चालू ठेवून विसरायच्या, दार उघडं दिसलं की रस्त्याला लागायच्या. जेवण फक्त मास्तरांच्या हातून. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की तोंड फिरवायच्या. शेजारीण तासभर बसायची, त्यापुढे तिचाही नाइलाज होता. मास्तरांनी हे कधी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. या वयात बायको क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, एवढं भाग्य कोणाचं, असं म्हणून हसायचे.

एकदा आकडा सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, मला दाखल व्हायची वेळ आलीच, तर हिला माझ्याबरोबर ठेवून घेतात का हो रुग्णालयात?”

“छे हो, मास्तर. हृदयाच्या वॉर्डात कोणालाच राहू देत नाहीत. भेटायची वेळ चार ते सहा.”

“बरं,” ते म्हणाले.

मग त्यांनी ड्रायव्हरने आज काय थाप मारली ते विचारलं, मी सांगितलं आणि आम्ही दोघं पोटभर हसलो. त्या दिवशी वजन साडेएकसष्ट होतं. पुढेही रोज तेवढंच. काही दिवसांनी बोलता बोलता ते मधेच थांबून श्वास घ्यायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, आत्ताच हिच्यामागे जिना उतरून पळालो. मला पटलं. आकडा डोळ्यांसमोर होता ना!

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, फोन वहिनींनी उचलला. आजवर त्यांनी फोनला कधी हात लावला नव्हता. म्हणाल्या, ते खाली बसलेत आणि माझ्याशी बोलत नाहीत.

सिस्टर आणि मी संस्थेच्या गाडीतून पोचलो. शेजारणीने दार उघडलं. कपडे बेतायच्या टेबलाच्या पायाला टेकून मास्तर जमिनीवर बसले होते. ओठ निळे पडलेले, पाऊल ओळखू येणार नाही इतके पाय सुजलेले. वजनकाटा टेबलाला लागूनच ठेवलेला. सिस्टरने ऑक्सिजन लावला आणि गाडी चालवणारे काका स्ट्रेचर आणायला धावले. मी खुळ्यासारखी त्या काट्याकडे बघत उभी राहिले. ते पाहून वहिनी पुढे आल्या. काट्यावर चढल्या, टेबलाच्या कडेवर तळवा रोवला आणि भार देत गेल्या. तबकडीवरची सुई मागे सरकत गेली.

“असं दाबायचं,” त्यांनी मला समजावलं. “साडेएकसष्ट आलं की थांबायचं. मग बाईंचा फोन येतो.”

रुग्णालयात मास्तरांचं वजन भरलं एकोणसत्तर.

वहिनींचं काय करायचं, हा प्रश्न सिस्टरने गाडीतूनच एक फोन करून सोडवला. ‘विसावा’मध्ये दोन खाटांची एक खोली आहे. जोडप्यातलं एक आजारी आणि दुसऱ्याला एकटं ठेवता येत नाही, अशांसाठीच ती ठेवलेली. डॉक्टर रोज येतात, ऑक्सिजन असतो. ती खोली त्या दिवशी रिकामी होती. गेले दीड महिने रिकामी होती, हे मला नंतर कळलं.

चार वाजता मला मास्तरांजवळ जाऊ दिलं. मास्क बाजूला करून ते आधी बोलले ते त्यांच्या मापाबद्दल.

“खोटं नाही बोललो मी, बाई. काट्यावर होतं तेच सांगितलं.”

मी मान डोलावली. मला रडू आवरत नव्हतं.

“इथे येऊन पडलो असतो तर हिला कोणी भरवलं असतं?”

मग मी त्यांना ‘विसावा’चं सांगितलं. वहिनी तिथे आहेत, थोडं बरं वाटलं की तुम्हालाही तिथेच हलवणार आहेत, खाट तयार आहे.

“दोघांना एकत्र ठेवतात?”

“हो.”

“हे मला माहीत नव्हतं,” मास्तर म्हणाले. रागावून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला माहीत होतं. ‘विसावा’चं पत्रक माझ्याच खुर्चीमागच्या भिंतीवर वर्षभर चिकटवलेलं आहे. मास्तरांनी रुग्णालयाचं विचारलं आणि मी रुग्णालयाचं उत्तर दिलं. विचारलंय तेवढंच लिहा, असं मुलांना जन्मभर बजावत आले, ते माझ्याच अंगात भिनलं होतं. का हो विचारताय मास्तर, एवढं जरी तोंडातून निघालं असतं! दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर गेले. हलवायचं राहूनच गेलं.

संस्थेत मला कोणी बोल लावला नाही. आता आकडा कितीही चांगला असो, सिस्टर दर आठवड्याला जाऊन स्वतः वजन करते. त्यासाठी दुसरी सिस्टर नेमली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला त्यांचा संताप आला. मनाला नाही लावायचं तर कुठे लावायचं?

पंधरा दिवस मी ‘विसावा’कडे जायचं टाळलं. मग एका दुपारी मनाचा हिय्या करून गेले. वहिनी खिडकीजवळ बसल्या होत्या, केस विंचरलेल्या, स्वच्छ. तिथली मुलगी म्हणाली, चार दिवस काही खाल्लं नाही, आता माझ्या हातून दोन घास घेतात. दुसरी खाट चादर घालून तशीच होती. मी वहिनींचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी विचारलं होतं आणि मी नीट ऐकलं नाही. तुम्ही दोघं इथे आला असतात, ते राहिले असते. चूक माझी आहे. सांगताना मी लहान पोरीसारखी रडले.

वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. किती कळलं, देव जाणे. माझं झाल्यावर त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “होतं असं कधी कधी. पण ते आले की त्यांना सांगू नका हं. उगाच तुमच्यासाठी जीव जाळत बसतील.”

“नाही सांगत,” मी म्हणाले.