थांबणारं अंडं

माझा नवरा हॉटेलात अंडी करतो. शेजारच्या काकू म्हणतात, "अंडी घालतो म्हण की," आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसतात. सकाळच्या नाश्त्याला हॉटेलच्या मोठ्या काचेपाशी त्याचं टेबल लागतं. दोन शेगड्या, दोन तवे, लोण्याचं भांडं आणि समोर रिकाम्या बशा घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं. तो घरातून निघतो तेव्हा रस्त्यावरची कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.

मी शाळेची बस चालवते. रात्री बस आमच्या बिल्डिंगखालीच उभी असते. सकाळी माझी दोन मुलं आत बसली की ती हलते आणि मग वाटेत बाकीच्यांची मुलं चढतात. म्हणजे अर्ध्या शाळेनं वेळेवर पोचायचं की नाही, हे माझ्या स्वयंपाकघरात ठरतं.

थोरलीचं काही म्हणणं नाही. ती चौथीत आहे आणि मनाने पन्नाशीची. गजर व्हायच्या आधी वेणी घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी उभी असते. घोडं पेंड खात होतं ते धाकट्यापाशी. त्याला आम्ही गोगलगाय म्हणतो, आणि हे कुठल्या गोगलगाईने ऐकलं तर तिला राग येईल. सकाळी त्याला अंड्याशिवाय काही चालत नाही. बरं, करून समोर ठेवलं तर खाईल? नाव नको. बशीकडे बघत बसायचा. खा म्हटलं की हो म्हणायचा आणि परत बघत बसायचा. ते पार गार झालं, की मग दोन घासात गिळून मोकळा. तोवर मी खाली दोनदा हॉर्न वाजवून वर आलेली असायची, आणि पुढच्या थांब्यावरच्या आया आपापली घड्याळं बघत असायच्या.

एकदा मी त्याला विचारलं, बाबांसारखं होत नाही का रे माझं? त्याने मान डोलावली. मला ते लागलं. पण खोटं नव्हतं, कारण नवऱ्याच्या हाताला तोड नाही. रविवारी त्याची सुट्टी असते. हॉटेलात रविवारची सुट्टी म्हणजे उंबराचं फूल, ती त्याने मालकाशी भांडून मिळवली आहे. त्या दिवशी तो आम्हा तिघांना एकेक करून अंडं करून देतो, आणि कमरेवर हात ठेवून समोर उभा राहतो. "पहिला घास मी बघणार. त्याशिवाय माझं अंडं पूर्ण होत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आपण घास घेतला की एकदा मान हलवतो आणि पुढच्याकडे वळतो. हॉटेलातल्या लोकांकडेही तो असाच बघतो म्हणे. बिचारे घाबरून संपवत असतील.

तर, बसला उशीर होतो अशी दुसरी तक्रार गेली, आणि गाड्या पुरवणाऱ्या आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट नाहीत. पण घड्याळ मनगटावर आहे की डोक्यात, असा प्रश्न पडावा इतके काटेकोर. त्यांनी शांतपणे सांगितलं की सोमवारी ते स्वतः माझ्या बसमध्ये बसणार. त्या दिवशी उशीर झाला तर हा मार्ग दुसऱ्याला जाईल आणि मला कारखान्याची रात्रपाळीची गाडी मिळेल. मी बरं म्हणून बाहेर आले आणि जिना उतरताना हिशेब केला. नवरा पहाटे जाणार, मी रात्री जाणार, आणि दिवसा दोघं झोपणार. म्हणजे मुलांनी आईबापांना रविवारी भेटायचं, नातेवाइकांसारखं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तू पहाटे जाताना या पोराचं अंडं करून ठेवून जा. तुझ्या हातचं असलं की तो झटक्यात खाईल. यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याला मुलगा गहाण ठेवायला सांगितला.

"अंडं थांबत नाही," तो म्हणाला. "तव्यावरून उतरलं की दोन मिनिटांत ते अंडं राहत नाही. माणसाने अंड्यासाठी थांबायचं असतं."

मी म्हटलं, माझी बसही कुणासाठी थांबत नाही. तो म्हणाला, थांबते म्हणून तर तक्रार गेली ना. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. लोकांच्या बशीत गरम गरम वाढतोस आणि पोटच्या पोराला माझं कडक अंडं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी बरंच काही बोलले. तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी मात्र ओट्यावर डबा होता. पहाटे उठून त्याने ऑम्लेट करून, घडी घालून, झाकण लावून ठेवलं होतं. मी उघडलं तर ऑम्लेटला घाम फुटलेला. डब्याच्या तळाशी पाणी, आणि मधोमध ते बसलेलं, परीक्षेला बसल्यासारखं. आम्ही तो डबा तसाच ठेवला आणि दुपारी नवरा आल्यावर त्याच्या पुढ्यात सरकवला. त्याने एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "हे मी केलं?" एवढंच. पण त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. माणूस किती का हट्टी असेना, त्याची विद्या अशी डब्यात घामेजलेली बघवत नाही.

त्यानंतर त्याने कंबर कसली. रोज दुपारी आला की ओट्याशी. अंडं फार शिजलं की गार होताना पाणी सोडतं, म्हणून मधोमध जरा थरथरत असतानाच घरच्या केकच्या ओव्हनमधून बाहेर काढायचं. गरम असताना झाकायचं नाही. थोडा उकडलेला बटाटा कुस्करून घातला की तो पाणी धरून ठेवतो. पालक घालायचा तर आधी पिळून घ्यायचा. चीज किसून, पण वरून नाही, आत. हे सगळं तो ओट्याशी उभा राहून स्वतःशीच बोलायचा आणि केकच्या छोट्या वाट्यांत ओतून भाजायचा. भाजलेली वाटी गार करून, बर्फात ठेवून, परत गरम करून, परत गार करून खाऊन बघायचा. "गार झालं तरी अंडं वाटलं पाहिजे," असा त्याने आता नवीनच हट्ट धरला होता. आम्ही घरात दुसरं काही खाणं जवळजवळ सोडलं होतं.

शनिवारी जमलं. मऊ, खमंग, पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, आता उद्या आठवडाभराच्या करून ठेव. आणि हेच सांगायला नको होतं, कारण या माणसाला चौघांचा स्वयंपाक येत नाही. चिमूटभर मीठ त्याला कळत नाही, मूठभर कळतं. रविवारी मी दुपारी जरा डोळा लावला आणि उठून बघते तो टेबलावर, फ्रिजवर, खिडकीत, शिलाईच्या मशिनवर अंड्याच्या वाट्याच वाट्या. शंभराच्या वर असतील. हॉटेलातून साचे उसने आणले होते पठ्ठ्याने. आमचा बर्फाचा कप्पा भरला, काकूंचाही भरला, तरी उरल्या. काकू म्हणाल्या, "आता मात्र घातलीच म्हणायची," आणि खोकत घरी गेल्या.

सोमवारी पहाटे नवरा नेहमीसारखा गेला. मी तव्यावर चमचाभर पाणी टाकून, झाकण ठेवून तीन वाट्या गरम केल्या. घरभर वास सुटला. थोरलीने उभ्याउभ्या आपली संपवली, हात धुतले आणि खिडकीतून खाली बघून सांगितलं की साहेब बसपाशी आलेत.

धाकटा बशीकडे बघत बसला होता.

मी आधी गोडीत सांगितलं. मग बाबांनी केलंय, बाबांनी, असं दोनदा सांगितलं. त्याने वाटी उचलली, तोंडापर्यंत नेली, दाराकडे बघितलं आणि परत खाली ठेवली. मग माझा तोल गेला. आठवडाभर बापाने जीव आटवला, खाली साहेब उभे आहेत, माझ्या नोकरीवर बेतलंय आणि तुझं हे काय चाललंय, असं मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडे काकूंनी नळ बंद केल्याचं ऐकू आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाटी काही त्याने उचलली नाही.

थोरली माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. "आई, ओरडू नकोस त्याला. तो बाबांची वाट बघतोय. त्याला वाटतं, बाबांनी बघितल्याशिवाय पहिला घास घ्यायचाच नसतो."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. गार झालं की त्याला कळतं, बाबा येत नाहीत. मग खातो."

मला रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता म्हणून आणखीच आलं. माझं पोर हळू नव्हतं. ते रोज सकाळी बापाला वेळ देत होतं, आणि मी त्याला गोगलगाय म्हणत होते. मी वाटी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली, त्याला कडेवर घेतलं आणि जिन्यावरूनच सांगितलं, "चल, बाबा दाखवते तुला. मी सांगेपर्यंत तोंडात घालायचं नाही." त्याला हे सांगायची गरज नव्हती.

साहेब माझ्या मागच्याच बाकावर बसले होते. मी धाकट्याला पलीकडच्या खिडकीशी बसवलं, तीच बाजू हॉटेलच्या काचेकडे येते. आमचा रस्ता रोज त्या हॉटेलासमोरून जातो. चौकातला दिवा लाल असला तर बस नेमकी त्या काचेपाशी उभी राहते. इतकी वर्षं मी तिथे पुढची गाडी बघत बसले, आत नवरा उभा असतो हे माहीत असून. तोही कधी मान वर करत नाही. तव्यावर अंडं असताना तो बाहेर आग लागली तरी बघणार नाही.

मुलं चढत गेली, बस भरत गेली. चौक दिसायला लागला तेव्हा दिवा हिरवा होता. बस चालवायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी देवाजवळ लाल दिवा मागितला. साहेब मागे घड्याळ घेऊन बसलेले असताना मागितला. मी जवळ गेले आणि दिवा पिवळा झाला. जरा पाय दाबला असता तर सहज निघून गेले असते. मी ब्रेक दाबला.

"आता," मी म्हटलं.

काचेपलीकडे नवरा मान खाली घालून तवा हलवत होता, पुढे एक सूट घातलेले गृहस्थ बशी घेऊन उभे. मी हॉर्न वाजवला. त्याने बघितलं नाही. धाकट्याने खिडकीवर थापा मारल्या, मग थोरलीने मारल्या, आणि मग कशासाठी हे न विचारता अख्ख्या बसने थापा मारल्या. तेव्हा कुठे त्याने मान वर केली. त्याला बस दिसली, मग मुलगा दिसला, मग मुलाच्या हातातली वाटी दिसली. मग त्याने तवा शेगडीवर तसाच ठेवला, त्या गृहस्थांना वळसा घालून काचेपाशी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

धाकट्याने घास घेतला. चांगला मोठा, गाल फुगेल इतका. नवऱ्याने एकदा मान हलवली, रविवारी हलवतो तशीच. दिवा हिरवा झाला.

शाळेच्या फाटकात मी बस लावली तेव्हा घंटा व्हायची होती. मुलं उतरली आणि साहेब बसूनच राहिले. बसमध्ये खायला मनाई आहे, माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं, वाट बघण्यापासून पिवळ्या दिव्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ बघितलं.

"मी काही बघितलं नाही," ते म्हणाले. "त्याच्या बाबांनी बघितलं, तेवढं पुरे. बस वेळेवर आहे. मार्ग तुमच्याकडेच राहील."

मग खाली उतरून त्यांनी विचारलं, पण ते होतं काय, वास छान येत होता. माझ्या वाटणीची वाटी पिशवीत होती, ती मी त्यांना दिली. नियमाचे पक्के, त्यांनी ती बसच्या बाहेर उभं राहून खाल्ली.

दुपारी नवरा आला, बूट काढले आणि पंख्याखाली बसला. मी वाट बघत होते, आता काय बोलतो याची.

"आज ऑम्लेट करपलं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणाला, मालकांच्या पाहुण्यांचं. मग तू काय केलंस, मी विचारलं.

"काय करणार? म्हटलं, साहेब, थांबा जरा, दुसरं करतो." आणि तो हसायला लागला. हसता हसता मधेच थांबून त्याने विचारलं, "गार झालं होतं ना त्याचं?" मी म्हटलं, पार गार. "तरी आवडीने खाल्लं," तो म्हणाला, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने त्याने टॉवेल बराच वेळ डोळ्यांवर धरला.

आता धाकटा घरातच भराभर खातो, फक्त त्याआधी पहिला घास तोडून, कागदात गुंडाळून मुठीत धरतो. बस यायच्या वेळेला नवरा शेगडी बंद करून काचेपाशी येतो. रांगेतल्या नेहमीच्या माणसांना आता ते माहीत झालंय, ती बशा घेऊन उभी राहतात. रांग थांबते, तवा थांबतो, अंडंसुद्धा थांबतं. माझी बस तेवढी कुणासाठी थांबत नाही. दिवा हिरवा असला तर तिथून ती जरा सावकाश जाते, इतकंच.