दहाव्या फेरीतले ठिपके

नेल्बा इरिगाराय बसमध्ये बसली की शेजारचं माणूस तिला हमखास बेकरीवाली समजायचं. तिच्या अंगाला यीस्टचा आंबूस वास असायचा. एकतीस वर्षं ती मोंतेविदेओच्या त्या संस्थेत फळमाश्यांचं खाणं शिजवत आली होती. दर सोमवारी मक्याचं पीठ, काकवी आणि यीस्टचं मोठं पातेलं चढवायचं, चारशे बाटल्या भरायच्या, आणि जुन्या बाटल्यांतल्या माश्या नव्यांत झटकायच्या. जोडीला बेबा होती तोवर या कामाला चार हात होते. दोघी बावीस वर्षं भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून माते नावाचा कडू चहा प्यायल्या. एकीने घोट घ्यायचा, दुसरीने गरम पाणी ओतायचं. पण देशातल्या बँका बुडाल्या त्या साली बेबाची मुलगी स्पेनला गेली, आणि वर्षभरात बेबाही तिच्यामागे वालेन्सियाला. माश्यांच्या खोलीत नेल्बा एकटी उरली.

त्या जूनमध्ये डॉक्टर बाचिगालुपींनी तिला एक काम सांगितलं. प्रयोगशाळेचे प्रमुख तेच. सत्तरीला टेकलेले, मृदू बोलणारे. माशीच्या अंड्यात पहिले दोन तास गर्भ स्वतःचं जवळजवळ काहीच वापरत नाही. आईने अंडं घालताना जे भरून दिलेलं असतं त्यावरच सगळं चालतं. आत केंद्रकं नुसती दुप्पट होत जातात, दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये भिंती नाहीत की काही नाही. तिसऱ्या तासात गर्भाची स्वतःची जनुकं एकदम चालू होतात. डॉक्टरांचं एक आवडतं जनुक होतं, सगळे त्याला सतरा नंबर म्हणत. ते तिसऱ्या तासात चालू होतं हे दाखवणारे फोटो त्यांना हवे होते.

नेल्बाने माश्यांनी ताटलीत घातलेली अंडी गोळा केली, ब्लीचमध्ये धुऊन वरचं कवच काढलं, रंग चढवला. जनुक ज्या केंद्रकात चालू असेल तिथे जांभळा ठिपका उमटायचा. तिसऱ्या तासाच्या गर्भांत ते ठिपके दाट होते, जसे हवे होते तसे. पण त्याच काचेवर काही लहान गर्भही आले होते, दीड तासाच्या आतले. केंद्रकं नुकती पृष्ठाला लागलेली, तिथे तीनशेच्या घरात, म्हणजे दहावी फेरी. त्यांच्यातही ठिपके होते. फिके, टाचणीच्या टोकाएवढे, केंद्रकात दोन-दोन.

तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्या डोळा लावला.

“ताटली उशिरा काढली असेल, नेल्बा.”

“उशीर झाला असता तर केंद्रकं हजारांनी असती, डॉक्टर. ही तीनशे आहेत.”

“मग रंग जास्त बसलाय. कचरा आहे तो.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्या हातचं काम वाईट नसतं हो. पण हे गर्भ मोजणीत धरू नका.”

ती ‘बरं’ म्हणाली. एकतीस वर्षांत तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हे सगळं तिला मुळात शिकवलं होतं त्यांनीच. पण त्या दिवशी घरी जाताना तिला ते पटेना. कचरा कसा असतो ते तिच्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक होतं? कचरा कुठेही पडतो. तो नेमाने केंद्रकात जाऊन बसत नाही.

जुलैमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, संस्था पंधरा दिवस बंद झाली. सगळे आपापल्या घरी, कोणी गावाकडे. माश्यांना मात्र सुट्टी नसते, म्हणून नेल्बा रोज यायची. दारावरचा मिल्टन तेवढा भेटायचा.

“नेल्बाबाई, या थंडीत कशाला येता? मेल्या तर मेल्या माश्या, दुसऱ्या येतील.”

“घरी गॅसची शेगडी पेटवण्यापेक्षा बरं. माझ्या माश्यांना पंचवीस अंश लागतात.”

“म्हणजे माश्यांच्या जिवावर ऊब घेताय होय?” तो हसला आणि पुन्हा रेडिओकडे वळला.

तो गंमत करत होता, पण खोटं नव्हतं ते. लाउनिऑन वस्तीतल्या तिच्या दोन खोल्या नदीवरच्या वाऱ्याने ओल्या गार पडायच्या. माश्यांची खोली हीच तिच्या आयुष्यातली सगळ्यात उबदार जागा होती.

तिथे तिने पुन्हा सगळं सुरुवातीपासून केलं. माद्या कधी कधी अंडं पोटातच धरून ठेवतात, मग ते घालेपर्यंत जुनं झालेलं असतं. म्हणून तिने पहिल्या तीन ताटल्या टाकून दिल्या. पुढच्या ताटल्या घड्याळ लावून काढल्या. रंग कमी वेळ चढवला. ठिपके आले. पण डॉक्टर पुन्हा कचरा म्हणाले असते.

चौथ्या दिवशी ती बाटल्या बदलत होती आणि हात एका बाटलीवर थांबला. एरवी प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, पण त्या माश्यांमध्ये सतरा नंबर जनुकाची एकच प्रत होती. दुसरी प्रत मुळात कापून काढलेली. अशा आईबापांच्या चार पिल्लांत एकाला ते जनुक मिळतच नाही. ठिपका कचरा असेल तर सगळ्यांतच दिसेल. ठिपका जनुकाचाच असेल तर चारांतला एक गर्भ कोरा राहील. ती बाटली हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, बेबा.” खोलीत कोणी नव्हतं.

तिने आठ दिवस अंडी काढली. दहाव्या फेरीतले एकशे चौसष्ट गर्भ सापडले. एकेक काच हलवत, वहीत रेघा ओढत तिने मोजले. कोरे एकेचाळीस. केंद्रकात एकच ठिपका असलेले ऐंशी. दोन ठिपक्यांचे त्रेचाळीस. तिने पुन्हा मोजले. आकडे तेच आले.

रविवारी तिने वालेन्सियाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे टीव्ही आणि लहान मुलीचा आरडाओरडा.

“बेबा, ऐक, सतरा नंबर आहे ना—”

“कोण सतरा? थांब हं, ही पोरगी सोफ्यावरून उडी मारतेय. हं, बोल.”

“माश्यांचं सांगत होते.”

“अजून त्या माश्याच का गं तुझ्या? मला तर आता वाससुद्धा आठवत नाही बघ. तू ये ना इकडे एकदा. समुद्र काय गरम आहे इथला.”

“येईन,” नेल्बा म्हणाली. मग बेबाच्या जावयाला नवीन काम लागल्याचं तिने सगळं ऐकून घेतलं. ठिपक्यांचं राहून गेलं.

सुट्टी संपली. सोमवारी डॉक्टर कोट काढण्याच्या आधीच तिने वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हे मोजू नका म्हणाला होतात तुम्ही. मी मोजलंय.”

त्यांनी वही वाचली. मग मायक्रोस्कोपशी जाऊन बसले. ती शेजारी उभी राहून एकेक काच देत गेली. तासाभराने त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

“ती कापलेली जात वापरायला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. माझ्याच मांडणीवर आहे ती. मीच खाऊ घालते तिला.”

“चारांत एक,” ते म्हणाले. त्यांनी वही मिटली. “ब्राझीलच्या परिषदेत मी छातीठोकपणे सांगून आलो, तिसऱ्या तासाआधी काही नाही म्हणून.” ते कसनुसं हसले. “मी चुकलो, नेल्बा. आणि तुम्हाला गप्प बसवलं, ते त्याहून वाईट.”

ती म्हणाली, “पाणी ठेवते.”

गुरुवारच्या चर्चेत हे तिनेच मांडायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. तिने नको नको म्हणून पाहिलं. सात माणसं होती. तिने कागदावरून एकेक आकडा वाचून दाखवला. एका तरुण बाईंनी विचारलं, बाकीची जनुकं झोपलेली असताना हेच एवढ्या लवकर कसं जागं होतं? आईने भरलेलं कुठलं प्रथिन त्याला उघडतं?

“ते मला माहीत नाही,” नेल्बा म्हणाली.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “मलाही नाही,” ते म्हणाले. “त्यांनाच विचारा. शोधणार त्याच आहेत.”

मग खुर्च्या सरकल्या. दोघातिघांनी हात मिळवला, एकाने पाठ थोपटली. डॉक्टरांना नातवाला शाळेतून आणायचं होतं. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. नेल्बाने प्रोजेक्टर बंद केला, फळा पुसला, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी जावंसं वाटेना. रस्त्यापलीकडच्या खानावळीत ती इतक्या वर्षांत कधी एकटी गेली नव्हती. आज गेली, खिडकीशी बसली, मिलानेसा, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा काप, आणि पेलाभर वाइन सांगितली.

वेटर दुसरी प्लेट मांडू लागला. “कोणी यायचंय ना, सेन्योरा?”

“नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे.”

त्याने प्लेट उचलली. मिलानेसा गरम होता, वर लिंबू. तिने तो सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. बाहेर उन्हं उतरत होती. त्या तरुण बाईंचा प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता. कुठल्या माद्या वाढवाव्या लागतील, याचा विचार करत तिने कागदी रुमाल पुढे ओढला आणि वेटरकडे पेन मागितलं.