पडद्याची उजवी कड

सकाळी आठला पारापाशी दोन ट्रॅव्हल्स येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा अख्ख्या गावात एकाच माणसाला त्या गाड्या पंक्चर व्हाव्यात असं मनापासून वाटत होतं. तो माणूस म्हणजे घोडीवाले आबा, आणि गंमत अशी की गाड्या त्याच्याच कौतुकासाठी आल्या होत्या. आबा वगैरे गाव म्हणतं. आपण ज्ञानूच म्हणू. ही भानगड झाली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याला कुणी आबा म्हणत नव्हतं.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली 'कृष्णाकाठची तलवार' या ऐतिहासिक पिक्चरचं शूटिंग गावच्या नदीकाठी झालं. हत्ती आले, तोफा आल्या, आणि मावळे म्हणून उंब्रजपासून पलूसपर्यंतची हजारभर पोरं आली. पिक्चर तुफान चालला. त्यातली एक उडी तर अजून लोकांच्या तोंडात आहे. पाठीशी गनीम, समोर तुटलेली दरड, आणि एक मावळा पांढरी घोडी तशीच कृष्णेच्या डोहात घालतो. तो मावळा म्हणजे आमचा ज्ञानू, असं गाव सेहेचाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलं. ही उडी बघून पलूसच्या पाहुण्यांनी त्याला चंद्राबाई दिली. ह्याच उडीवर तो दोनदा सरपंच झाला. मुंबईपुण्याचा पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती उडी दाखवली जाई.

आणि ती उडी ज्ञानूनं मारलेलीच नव्हती.

मारली होती यल्लाप्पानं. ज्ञानूच्या वडिलांची, हरिबांची, ती घोडी. यल्लाप्पा बौद्धवस्तीतला, ज्ञानूच्याच वयाचा, आणि घोडीचं खाणंपिणं, खरारा सगळं त्याच्याकडे. पिक्चरवाल्यांच्या घोडेस्वारानं दरडीखाली डोकावून बघितलं आणि सरळ मान हलवली. तेव्हा ज्ञानू मिशीला पीळ देत पुढं झाला. "आमची घोडी हाय, आमीच घालतो," म्हणाला. बोलायला काय जातं! कडेला पोचल्यावर खालचं काळं पाणी दिसलं आणि गड्याची पाचावर धारण बसली. यल्लाप्पानं त्याच्या हातातला लगाम काढून घेतला, घोडीवर मांड टाकून ती मागं नेली आणि टाच मारली. ज्ञानूनं बाजूची बाभळ कवळली आणि डोळे गच्च मिटले. बाकीची पोरं तेव्हा खाली छावणीत होती, आणि पिक्चरवाल्यांना उडी हवी होती, नाव नको होतं. संध्याकाळी चावडीत हरिबा सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या ज्ञानूनं घोडी घातली!" ज्ञानूनं 'न्हाई' म्हटलं नाही. म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं. मग ते रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

घोडी धडधाकट वर आली. स्वाराचा गुडघा मात्र पाण्यातल्या खडकावर बसला. पुढं चार महिन्यांनी यल्लाप्पा साताऱ्याला लष्कराच्या भरतीत धावला, तेव्हा त्याच गुडघ्यानं दगा दिला. त्याचे वडील सैन्यात होते, थोरला भाऊ होता, हा तेवढा राहिला. लिंबावरून पडला, असं गावात सांगितलं गेलं. घरातली चूल हरिबांच्या रानावर पेटत होती, तेव्हा यल्लाप्पानंही तेच सांगितलं. ज्ञानूशी तो भांडला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याला 'तुमी' म्हणू लागला, आणि ते 'तुमी' ज्ञानूला सेहेचाळीस वर्षं खड्यासारखं टोचत राहिलं.

पिक्चर सांगलीत लागला तेव्हा सगळं गाव ट्रकनं गेलं होतं. ज्ञानूनं ताप आल्याचं सोंग घेतलं. गाव टाळ्या पिटून परत आलं, घासलेल्या प्रिंटमध्ये तोंड कुणालाच ओळखू आलं नव्हतं. पुढं गणपतीत व्हिडिओवर कॅसेट आली, मग सीडी आली, मग मोबाईल. तिथं मात्र त्यानं ती उडी शंभरदा डोळे फाडफाडून बघितली. स्वार असा चिलटाएवढा, तोंडाच्या जागी नुसता ठिपका. त्याचा जीव भांड्यात पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची! तेव्हापासून रिमोट हातात घेऊन तोच पाहुण्यांना सांगू लागला, "ह्यो बगा, ह्यो मी."

आणि आता नातवानंच ती मूठ उघडायला घेतली होती. साईराज बावीस वर्षांचा, लग्नांचे व्हिडिओ काढणारा, आणि तोंडावळ्यानं आज्याची हुबेहूब नक्कल. पुण्यातल्या कुणीतरी पिक्चरची जुनी रिळं धुऊनपुसून नवी केल्याचं त्याला कळलं. त्यानं सांगलीच्या थेटरात दुपारचा बाराचा अख्खा शो गावासाठी ठरवला.

"आबा, काय प्रिंट हाय म्हनून सांगू! घोडीच्या नालाचं खिळं मोजून घ्या," तो म्हणाला होता. "आन टीव्हीत बसवाया दोन्ही अंगानं चित्र छाटलेलं व्हतं. हितं समदं पुरतं दिसनार."

ज्ञानूनं खिळ्यांपर्यंतच ऐकलं. खिळे दिसणार म्हणजे तोंड दिसणार. त्याची झोप उडाली. जायच्या दिवशी सकाळी त्यानं बीपी वाढल्याची तक्रार केली. चंद्राबाईनं दवाखान्यातल्या पोरीला बोलावून बीपी बघायला लावला. बीपी मेला तरण्या पोरासारखा निघाला.

"आवं, ज्या उडीपायी माज्या बानं मला ह्या घरात दिली, ती मला मोठ्या पडद्यावर बघायची हाय," चंद्राबाई म्हणाली. तिनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. "उठा आता. बाईमाणसासारकं काय लाजताय!"

गाडीत शेवटी चढला तो यल्लाप्पा. हातात काठी, दंडाला धरून मुलगा धम्मपाल, जो पलूसच्या कॉलेजात शिकवतो. ज्ञानू सीटवरून अर्धा उठला.

"यल्लाप्पा, तू बी आलास?"

"आलो की आबा. तुमची उडी बघाया." यल्लाप्पाच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. "मोठ्या पडद्यावर म्या कवाच न्हाई बघितली. तवा सगळी गेली, मी जनावरांपाशी ऱ्हायलो व्हतो."

सांगली येईपर्यंत ज्ञानूनं खिडकीबाहेरचा एक ऊस बघितला नाही. मागच्या सीटवरून काठीचा टकटक आवाज आला की तो दचकायचा. आज हा बोलणार, असं त्याला राहून राहून वाटत होतं. पडद्यावर तोंड दिसलं की तो उठणार आणि सगळ्यांसमोर बोलणार.

थेटरात साईराजनं त्याला मधल्या रांगेत मानाच्या जागी बसवलं. शेजारी चंद्राबाई. दोन रांगा मागं, वाटेच्या कडेला, पाय लांब करता यावा म्हणून यल्लाप्पा. दिवे गेले आणि पडदा ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजळला. पहिल्यांदा ज्ञानूला वाटलं, चुकून दुसराच पिक्चर लावलाय. घरी टीव्हीत जी डबक्याएवढी दिसायची ती कृष्णा इथं खरोखरीच्या पात्राएवढी होती. हत्ती निघाला तेव्हा पायाखालची फरशी थरथरली. तलवारीवर तलवार बसली की पुढच्या रांगेतल्या बाया मान मागं घेत.

मग कुणीतरी ओरडलं, "आरं, त्यो बघा आपला जोतिबा!"

जोतिबाला जाऊन वीस वर्षं झाली होती. टीव्हीवर त्याला कधी कुणी ओळखलं नव्हतं. इथं तो भाला घेऊन उभा होता, आणि त्याच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. जोतिबाची म्हातारी हुंदके देऊ लागली. मग सगळं थेटरच आपापली माणसं शोधू लागलं. "त्यो नानासो!" "आन ह्यो आमचा बा!" ज्ञानूला दरदरून घाम फुटला. एवढ्या गर्दीतला तीळ दिसतोय, मग घोडीवरचा एकटा माणूस कसा लपणार?

आली. दरड आली. पांढरी घोडी उधळत आली. ज्ञानूनं खुर्चीची दांडी धरली. स्वार जवळ आला, आणखी जवळ आला, एवढा मोठा झाला की त्याच्या मनगटाच्या शिरा दिसल्या. पण तोंडावर शेला होता. डोळ्यांच्या खालपर्यंत घट्ट ओढलेला. घोडीनं कड सोडली आणि सगळं थेटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत!

वाचलो, असं ज्ञानूच्या मनात आलं. आणि तेवढ्यात त्याची नजर पडद्याच्या उजव्या कडेला गेली.

तिथं एक बाभळ होती. टीव्हीत ती कधीच नव्हती. सेहेचाळीस वर्षांत शंभरदा बघून एकदाही ती दिसली नव्हती, कारण टीव्हीत बसवताना ती छाटली गेली होती. बाभळीला दोन्ही हातांनी कवटाळून एक तरणा मावळा उभा होता. डोळे गच्च मिटलेले, तोंड वाकडं झालेलं. साईराजच जणू पडद्यावर उभा केलेला. पुरता सहा-सात अंक मोजण्याइतका वेळ तो तिथं होता, आणि एकाही माणसानं त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे घोडीकडे बघत होते.

मध्यंतराचे दिवे लागले. लोक त्याला ओढतच पडद्यापुढच्या कट्ट्यावर घेऊन गेले. साईराजनं भगवा फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. खालून आरोळी उठली, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

"लावनार, लावनार!" साईराजनं माईकवर सांगितलं. "ऑपरेटरला सांगून ठिवलंय. पडद्यावर बी आबा आन पडद्याम्होरं बी आबा! आबा, दोन शब्द बोला."

माईक हातात आला. ज्ञानूला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. पहिल्या खेपेला कुणी बघितलं नव्हतं, दुसऱ्या खेपेलाही कदाचित बघणार नाहीत. आणि कुणी बघितलंच तर? जोतिबाचा तीळ ज्यांना दिसला त्यांना साईराजचं तोंड दिसणार नाही होय! त्यानं समोर बघितलं. सगळे उभे होते. फक्त यल्लाप्पा बसलेला होता. पुढच्यांच्या पाठी आड येत होत्या, म्हणून तो एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मान काढून बघत होता, आणि एका हातानं गुडघा चोळत होता.

भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा, ज्ञानूच्या आत काहीतरी तुटलं.

"समदी खाली बसा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आता लावतील तवा घोडीकडं बघू नका. घोडीकडं लय बघितलं. ह्या अंगाला बघा, उजव्या कडंला. बाभळीपाशी."

लोक हसले. आबा गंमत करतायत. दिवे गेले, घोडी पुन्हा उधळत आली, आणि गावानं आबांचं ऐकून उजवीकडे बघितलं.

आधी एक पोरगी म्हणाली, "अय्या, साईराजदादा!"  घोडी पाण्यात पडल्याचा आवाज तेवढा झाला. चित्र थांबलं, दिवे आले.

"त्यो साईराज न्हाई. त्यो मी," ज्ञानू म्हणाला. "भ्यालो व्हतो. घोडीवर यल्लाप्पा हाय. मी खोटं बोललो, आन जलमभर बोलत ऱ्हायलो."

धम्मपाल ताडकन उठला.  "आणि माझ्या वडिलांचा गुडघा? लिंबावरून पडले म्हणून आम्हाला सांगत होता ना सगळे?"

"त्यो बी तितलाच, त्या उडीतला."

साईराजनं हातातला दुसरा माईक खाली ठेवला. त्यानं आज्याकडे बघितलं नाही. पडद्याच्या उजव्या कडेला, जिथं आता काहीच नव्हतं, तिकडं बघत राहिला. ज्ञानू फेटा सोडत कट्ट्यावरून उतरला. आपल्या रांगेपाशी आला, तर चंद्राबाईनं त्याच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती. ती उचल म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो तसाच मागं चालत गेला आणि यल्लाप्पाच्या पायाशी, वाटेतल्या पायरीवर बसला. फेट्याचं कापड त्यानं पुढं केलं.

यल्लाप्पानं ते हातानं बाजूला सारलं.

"ऱ्हाऊ दे त्ये. पयल्यांदा लावलं तवा म्होरची समदी उठली. मला उटाया येत न्हाई, पाठीच दिसल्या. दुसऱ्यांदा तू म्हनलास बाभळीकडं बघा, तर मी आपला तुज्याकडं बघत बसलो."  सेहेचाळीस वर्षांनी त्याच्या तोंडून 'तू' आलं होतं. "ज्ञानू, माजी घोडी बघायची ऱ्हायली रं. लाव म्हन की आनि एकदा."

 ज्ञानूनं मान वळवून वरच्या झरोक्याकडे हात केला. ऑपरेटरला काय कळलं कुणास ठाऊक, पण दिवे मालवले.

पांढरी घोडी उधळत आली. यल्लाप्पानं काठी मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही मुठींत धरली. घोडीनं कड सोडली. ह्या खेपेला पुढचं एकही माणूस उठलं नाही.