तिसऱ्या ओळीतलं थांबणं

"काकू, आज तरी मध्येच थांबू नका हं," तरुण पाळक अजीजीनं म्हणाले. "पाहुणे यायचेत. मूळ चालीत तिथं थांबणं नाहीच."

शिंपीणकाकूंनी ओठांतली टाचणी काढून पाळकांच्या झग्याच्या उसवलेल्या काठाला खोचली. "बरं," त्या म्हणाल्या. मन मात्र राजी नव्हतं.

चर्चमध्ये गीत उचलायचं ते काकूंनीच. त्या थांबल्या की सगळी मंडळी थांबे.

पाहुणे म्हणजे जुने मिशनरी साहेब. हे गीत त्यांनीच शिकवलेलं. तोंडावर साहेब, माघारी धापसाहेब. कारण तिसऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर दम्यानं त्यांचा श्वास संपायचा. ते खांबाला धरून श्वास गोळा करीत, तोवर मंडळी गप्प उभी राही. शिकवणाऱ्याला मागे टाकून पुढं कसं जायचं? शेवटी दम्यानंच त्यांना मायदेशी परत नेलं. ते गेले, थांबणं राहिलं. त्यांच्यामागं जन्मलेली पोरंही तिथं थांबत.

"थांबलीस तर म्हाताऱ्याला वाटेल, तोंडावर वेडावतात," बाकावर बसता बसता जाऊबाई कुजबुजल्या.

"आणि नाही थांबले, अन् त्यांना धाप लागली तर? सगळ्यांदेखत मागं पडतील की गं!"

"तुझं तू बघ बाई. तू इंजिन, आम्ही आपले डबे."

तेवढ्यात साहेब आले. पाठ वाकलेली, हातात काठी. दारातूनच त्यांनी काकूंना ओळखलं. "ताई, चष्मा लागला की तुम्हाला!"

"तुम्हाला काठी, मला चष्मा. फिटंफाट!"

सगळे हसले. पाळकांनी खूण केली आणि काकूंनी गीत उचललं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी आली तशी त्यांनी एकदा पाळकांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. पाळकांना दिलेला शब्द बाजूला राहिला. त्या थांबल्या. मंडळी थांबली.

साहेब थांबले नाहीत.

त्यांचा आवाज एकटाच, खणखणीत, ओळीच्या टोकापर्यंत गेला. मग तेही गोंधळून गप्प झाले. काकूंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"तुमची धाप..." काकूंची मान वर होईना. "तुमच्यासाठी थांबलो."

"अहो ताई, दमा कधीच गेला माझा! डोंगरात राहतो आता." ते पुढच्या बाकाकडं वळले. "पण ही पोरं का थांबली? यांनी मला पाहिलंय कुठं?"

"इथं थांबायचंच असतं," एका चिमुरडीनं ठणकावून सांगितलं.

"तुम्ही गेलात तेव्हापासून थांबतोय," जाऊबाई म्हणाल्या. "एक रविवार चुकला असेल तर शपथ!"

साहेबांनी रुमाल काढला. बराच वेळ डोळे पुसत राहिले. शेवटी पाळकांनी घसा खाकरला. "काकू, पुढचं कडवं घ्या. तुमच्या पद्धतीनं."

काकूंनी मान वर केली आणि सूर लावला तो असा चढा, की जाऊबाईही दचकल्या. मंडळी जीव तोडून गाऊ लागली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साहेब सगळ्यांच्या वर गात होते. धापेचा मागमूस नव्हता. तिसऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर त्यांनी ओठ मिटले. पाळकांनीही मिटले.

चर्च चिडीचूप झालं. पुढं केव्हा उचलायचं, म्हणून साहेबांनी काकूंकडं पाहिलं.

काकूंनी मुळीच घाई केली नाही.